जानेवारी २००९ची ध्रुवीय ऊब आणि तिरुनेलवेलीचा उलटा इलेक्ट्रोजेट: ही टाइड सूर्याची की चंद्राची?

अंबरमणी:

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जानेवारी २००९मधली स्थितांबरातली (जमिनीपासून साधारण १५ ते ५० किमीवरच्या थरातली) अचानक ऊब, म्हणजे एसएसडब्ल्यू, हा विषय घेतला आहे. तिरुनेलवेली आणि अलिबाग या दोन वेधशाळांच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाच्या, म्हणजे एचच्या, तासातासाच्या नोंदी घेतल्या. मध्यरात्रीची पातळी वजा करून दोन्हींचा डेल्टा एच काढला आणि तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा केलं. २४ जानेवारीनंतर काही दिवस सकाळचा भाग नेहमीपेक्षा उंच दिसतो आणि दुपारी वक्र शून्याखाली जातो. ही दुपारची दरी रोज थोडी थोडी उशिरा सरकते.

तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. ऊब आली उत्तर ध्रुवावर, ३० किमी उंचीवर. मग पावणेनऊ अंश अक्षांशावर, १०५ किमी उंचीवरून वाहणारा विजेचा प्रवाह, म्हणजे इलेक्ट्रोजेट, दोन-तीन दिवसांत कसा बदलतो?

२. दहा दिवसांची खिडकी घेऊन १२ तास (हवेतली सूर्याची भरती-ओहोटी, म्हणजे टाइड) आणि १२.४२ तास (चंद्राची टाइड) असे दोन्ही आवर्तकाल एकत्र बसवले, तर दोन्ही आयाम अवाच्या सवा येतात आणि खिडकी एक दिवस पुढे सरकवली की पार बदलतात. चूक कुठे होते आहे?

३. कोल्हापूरच्या एमएफ (मध्यम वारंवारतेच्या) रडारने मोजलेले वरच्या हवेतले वारे सोबत दाखवायचे आहेत. कोणत्या उंचीपर्यंत भरवसा ठेवावा?

ध्रुववारा:

अंबरमणी, पहिल्या प्रश्नातच सगळा विषय आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

ध्रुवावरची उष्णता सरकत सरकत विषुववृत्तापर्यंत येते असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. उलट ध्रुवाकडे हवा खाली उतरून, दबून तापते त्याच दिवसांत विषुववृत्तावरच्या स्थितांबरात हवा वर उचलली जाते आणि ते काही अंशांनी थंड होतं. ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येते ती उष्णता नव्हे. येतो तो बदललेल्या वाऱ्यांचा आणि लाटांचा परिणाम.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे फिरत असतात. मोठे पर्वत आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे उठणाऱ्या हजारो किलोमीटर लांबीच्या प्लॅनेटरी वेव्ह खालून वर चढतात, वर जाऊन मोडतात आणि या भोवऱ्याला लगाम घालतात. वारा मंदावला की हवा ध्रुवाकडे वळते, तिथे खाली उतरते आणि तापते. ही घटना रिचर्ड शेरहाग यांनी १९५२मध्ये बर्लिनवरून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत पहिल्यांदा पकडली आणि तिची यंत्रणा मात्सुनो यांनी १९७१मध्ये मांडली. १० हेक्टोपास्कल पातळीवर, म्हणजे ३०-३२ किमीवर, ६० अंश उत्तर अक्षांशावरचा वर्तुळभर सरासरी काढलेला वारा पूर्वेकडून वाहू लागला की घटना मोठी धरतात. तो ज्या दिवशी उलटतो तो मध्यदिनांक. २००९मध्ये हा दिवस २४ जानेवारी. त्या वर्षी दोन शिखरं-दोन दऱ्यांच्या लाटेने भोवरा चिरून त्याचे दोन तुकडे केले आणि आठवड्याभरात ध्रुवाजवळचं तापमान ५० अंशांहून जास्त चढलं. नोंदींतल्या सर्वांत जोरदार घटनांपैकी ती एक.

आता वर, मध्यांबरात, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थरात, काय होतं ते पाहा, कारण मधला जिना तोच. खालून येणाऱ्या छोट्या ग्रॅव्हिटी वेव्हमध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या असतात तशा पश्चिमेकडे जाणाऱ्याही असतात. ज्या वाऱ्याचा वेग लाटेच्या वेगाइतका, त्याच दिशेचा असतो, तिथे ती लाट शोषली जाते. एरवीच्या हिवाळ्यात स्थितांबरातला पश्चिमी वारा पूर्वगामी लाटा गाळून टाकतो आणि पश्चिमगामी लाटा मध्यांबरात पोचून तिथल्या हवेला पश्चिमेकडे ढकलतात. त्यातून वरची हवा ध्रुवाकडे वाहते, तिथे उतरते आणि हिवाळ्यातही ध्रुवावरचं मध्यांबर ऊबदार राहतं. खालचा वारा उलटला की गाळणीही उलटते. आता पूर्वगामी लाटा वर जातात, अभिसरण फिरतं आणि स्थितांबर तापत असताना ६० ते १०० किमीच्या पट्ट्यातलं मध्यांबर थंड होतं. उच्च अक्षांशांवर ८०-१०० किमीवरचे वारे काही घटनांत स्थितांबराच्या आधीच काही दिवस उलटलेले दिसतात. म्हणून २४ तारखेच्या आधी तुमच्या आलेखात काही हललेलं दिसलं तर दचकू नका. २००६, २००९ आणि २०१३च्या घटनांनंतर तर स्थितांबराची वरची सीमा, जी एरवी ५० किमीच्या आसपास असते, ती मोडून ७५-८० किमीवर नव्याने तयार झाली होती.

पण विषुववृत्तापर्यंत सांगावा पोचवणारी मुख्य गोष्ट म्हणजे टाइड. हवेतली १२ तासांची भरती-ओहोटी कुणालाही घरबसल्या दिसते. ज्या फोनमध्ये वायुदाबाचा सेन्सर आहे तो पुण्या-मुंबईत मोकळ्या, कोरड्या हवेच्या दिवशी एका जागी ठेवून नोंद घ्या. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला दिसेल. ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात त्यातून ही लाट उठते. जमिनीवर तिचा आयाम उष्ण कटिबंधात एखाद-सव्वा हेक्टोपास्कल. वर जाताना हवा विरळ होते तसा लाटेचा आयाम घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १०० किमीवर हवा जमिनीपेक्षा वीसेक लाख पट विरळ, म्हणजे वाटेत काही हरवलं नाही तर वाढ हजाराहून जास्त पट. खाली पाच-दहा टक्क्यांनी काही बदललं तर वर ते सेकंदाला कित्येक मीटरच्या फरकाने दिसतं ते यामुळेच.

एसएसडब्ल्यूच्या काळात ही लाट चार वाटांनी बदलते. तिच्या वाटेतले सरासरी वारे आणि तापमान बदलतात, त्यामुळे ती किती आणि कशी वर जाते तेच बदलतं. विषुववृत्तावरचं स्थितांबर थंड झालं की तिथे ओझोनचा नाश मंदावतो, ओझोन वाढतो आणि सूर्याची ऊर्जा जास्त शोषली जाते, म्हणजे लाट उठवणारा जोरच वाढतो. तिसरी वाट अशी: सूर्याबरोबर फिरणारी, पृथ्वीभोवती दोन शिखरांची १२ तासांची टाइड आणि एका शिखराची स्थिर प्लॅनेटरी वेव्ह एकमेकींत मिसळतात आणि त्यातून एक व तीन शिखरांच्या १२ तासांच्या नव्या टाइड तयार होतात. परिणाम रेखांशानुसार वेगळा दिसण्याचं हे मोठं कारण आहे. पेरूच्या हिकामार्का रडारचा आलेख आणि तिरुनेलवेलीचा आलेख तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका.

चौथी वाट चंद्राची, आणि तुमच्या आलेखातली सरकती दरी बहुतांश तिचीच असावी. चंद्राची वातावरणातली टाइड जमिनीवर अगदी क्षीण, उष्ण कटिबंधातही ०.१ हेक्टोपास्कलच्या आत. पण वातावरणाला स्वतःचा एक अनुनाद आहे. पेकेरिस यांनी १९३०च्या दशकात तो दाखवला. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसं. एसएसडब्ल्यूमध्ये वारे आणि तापमान बदलून हा अनुनाद १२.४२ तासांच्या, म्हणजे चंद्राच्या टाइडच्या अगदी जवळ सरकतो, असं फोर्ब्स आणि झांग यांनी २०१२मध्ये २००९च्याच घटनेवर दाखवलं. क्षीण लाट अचानक सूर्याच्या टाइडच्या तोडीची होते ती अशी.

शेवटची पायरी विजेची. ९५ ते १५० किमीच्या थरात टाइडचे वारे आयनांना चुंबकीय क्षेत्रातून ओढतात, त्यातून विद्युतक्षेत्र तयार होतं. दिवसा ते पूर्वेकडे असतं. चुंबकीय विषुववृत्तावर क्षेत्ररेषा आडव्या असल्यामुळे वाहकता प्रचंड वाढते आणि दोन्ही बाजूंना तीनेक अंशांच्या अरुंद पट्ट्यात इलेक्ट्रोजेट वाहतो. त्यावर १२ तासांची वाढलेली लाट चढली की सकाळी ती मूळ क्षेत्रात भर घालते आणि सहा तासांनी, दुपारी, वजाबाकी करते. वजाबाकी मूळ क्षेत्रापेक्षा मोठी झाली की प्रवाह पश्चिमेकडे फिरतो. हाच काउंटर इलेक्ट्रोजेट. रस्तोगी यांनी १९९०च्या दशकातच भारतीय नोंदींत तो एसएसडब्ल्यूशी जोडला होता. २००९मध्ये हिकामार्कावर सकाळी वर आणि दुपारी खाली जाणारा आयनांबराचा (विद्युतभारित कणांच्या थराचा) प्रवाह दिसला, तो याच साखळीचा दुसरा चेहरा.

लघुतमवर्ग:

ध्रुववारांनी भौतिकी नीट मांडली आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण या विषयातले बरेच निष्कर्ष इथेच घसरतात.

दहा दिवसांच्या खिडकीत हे जमणारच नाही. १२ तासांची वारंवारता तासाला ०.०८३३३, १२.४२ची ०.०८०५१. फरक ०.००२८२, त्याचा व्यस्त ३५४ तास, म्हणजे १४.७७ दिवस. दोन लाटा एकमेकींच्या सापेक्ष एक पूर्ण फेरी मारायला एवढे दिवस घेतात. खिडकी त्याहून लहान असेल तर गणिताला त्या दोन वेगळ्या ओळखूच येत नाहीत. मग एक प्रचंड धन, दुसरी प्रचंड ऋण अशी जोडी बसते आणि बेरीज तेवढी बरोबर येते. तुमचे अवाच्या सवा आयाम म्हणजे हेच. मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (गणित किती डळमळीत आहे ते सांगणारा आकडा) छापून पाहा, लगेच कळेल. २१ दिवसांची खिडकी घ्या आणि ती एकेक दिवस सरकवा. किंमत अशी की उत्तर २१ दिवसांत पसरलेलं असतं. शिखर नेमकं कोणत्या तारखेला आलं ते त्यातून तीन-चार दिवसांच्या अचूकतेने सांगू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वाऱ्यासाठी १२.४२ची एक साइन-कोसाइन जोडी पुरते, डेल्टा एचसाठी पुरत नाही. इलेक्ट्रोजेट दिवसाच वाहतो, रात्री वाहकता जवळजवळ नसते. म्हणजे चंद्राची लाट दिवस-रात्रीच्या वाहकतेने गुणून येते आणि तिची ऊर्जा शेजारच्या वारंवारतांत सांडते. यासाठी चॅपमन यांचा कलानियम (कला म्हणजे लाटेचं शिखर केव्हा येतं ते) वापरायचा: cos वगैरे शब्दांत न अडकता सांगायचं तर, n गुणिले सौर वेळेचा कोन वजा चंद्राच्या वयाच्या कोनाची दुप्पट, n = १, २, ३, ४. चंद्राचं वय अमावास्येला शून्य आणि पुढच्या अमावास्येला ३६० अंश. या चार पदांचे आवर्तकाल २५.७४, १२.४२, ८.१८ आणि ६.१० तास. सोबत सूर्याची २४, १२, ८, ६ तासांची पदं. एक स्थिरांक धरून १७ अज्ञात, आणि २१ दिवसांच्या ५०४ तासांच्या नोंदी. आरामात बसतं.

डेल्टा एच काढतानाच्या चुका तपासून घ्या. तासाची नोंद ही तासाच्या मध्याची सरासरी असते. पाच वाजताचं मूल्य प्रत्यक्षात साडेपाचचं असू शकतं, ते फाइलच्या शीर्षकात पाहा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. तिरुनेलवेलीची स्थानिक वेळ तिच्या १९ मिनिटं मागे, अलिबागची ३८ मिनिटं. वजाबाकी एकाच जागतिक वेळेला करायची, कारण पृथ्वीभोवती दूर अवकाशात फिरणाऱ्या वलयप्रवाहाचा परिणाम दोन्हीकडे एकाच क्षणी येतो आणि तोच घालवायचा आहे. आलेखावर मात्र ७५ अंश रेखांशाची वेळ, म्हणजे जागतिक वेळ अधिक पाच तास, लावा. मध्यरात्रीची पातळी एकाच तासाची न घेता रात्री अकरा ते दोनची सरासरी घ्या. आणि फरक शून्याखाली गेला म्हणून लगेच काउंटर इलेक्ट्रोजेट म्हणू नका. अलिबागचा स्वतःचा सौर दैनिक बदल त्या दिवशी जास्त असेल तरीही फरक ऋण येतो. तिरुनेलवेलीचा एकट्याचा डेल्टा एचही रात्रीच्या पातळीखाली गेला आहे का, ते पाहा. तसं असेल तर बिनधास्त म्हणा.

(अलिबागबद्दल एक जाता जाता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय नोंद १९०४पासून तिकडे नेली. त्यामुळे ही मालिका शंभर वर्षांहून लांब आहे आणि चंद्राचा परिणाम शोधायला जगात मोजक्याच जागी इतकी लांब मालिका मिळते. प्रकल्प संपल्यावरही ती सोडू नका.)

मग भूचुंबकीय गाळणी. चुंबकीय वादळातही दुपारचा प्रवाह उलटतो, कधी विद्युतक्षेत्र थेट घुसल्यामुळे, कधी वादळाने बदललेल्या वाऱ्यांमुळे, आणि हा दुसरा परिणाम एक-दोन दिवस रेंगाळतो. केपी, म्हणजे चुंबकीय खळबळीचा निर्देशांक, ३च्या वर गेलेले दिवस आणि त्यांच्या नंतरचा एक दिवस वेगळ्या रंगात दाखवा. पोट्सडॅमच्या केंद्राकडून केपी आणि क्योटोकडून डीएसटी (वलयप्रवाहाचा निर्देशांक) मिळतो. २००९चा जानेवारी सौरक्रिया अगदी मंद असतानाचा, म्हणूनच ही घटना सगळ्यांची लाडकी. २०१३ची घटना भौतिकीच्या दृष्टीने तितकीच सुंदर, पण तेव्हा सूर्य बराच जागा होता, त्यामुळे अतिनील किरणांतले बदलही आधी वजा करावे लागतात.

आता मूळ प्रश्न, चंद्र की सूर्य. दरी रोज सरकते एवढ्यावरून चंद्र सिद्ध होत नाही. सूर्याच्या १२ तासांच्या टाइडला १६ दिवसांच्या प्लॅनेटरी वेव्हने कमी-जास्त केलं तर वर्णपटात १२.३९ तासांवर एक जोडशिखर उठतं. ते १२.४२पासून वेगळं काढायला सहा महिन्यांहून लांब मालिका लागेल आणि घटना चालते दोन-तीन आठवडे. वर्णपटाने हा वाद सुटत नाही. दोन गोष्टी पाहा. एक, आयाम कमी-जास्त होत असेल तर जोडशिखरं दोन असतात, दुसरं ११.६४ तासांवर. ते अजिबात नसेल तर चंद्राचं पारडं जड. आयाम आणि कला दोन्ही एकदम हलत असतील तर एक बाजू दबू शकते, म्हणून ही कसोटी एकटी वापरू नका. दोन, कला चंद्राशी बांधलेली आहे का. २००९मध्ये पौर्णिमा ११ जानेवारीला, अमावास्या २६ जानेवारीला, वाढता अर्धचंद्र २ फेब्रुवारीच्या रात्री उशिरा, जागतिक वेळेनुसार. चंद्राची लाट रोज ५० मिनिटं मागे पडते, सात दिवसांत सहा तास. म्हणजे अमावास्येच्या सुमारास सकाळी वाढ-दुपारी घट असेल, तर २-३ फेब्रुवारीला सकाळी घट-दुपारी वाढ असं उलटं दिसायला हवं. नंतर २००६ची घटना घ्या, मध्यदिनांक २१ जानेवारी, अमावास्या २९ला. २०१३ची, मध्यदिनांक ६ जानेवारीच्या सुमारास, अमावास्या ११ला. आणि २०२१ची, मध्यदिनांक ५ जानेवारी, अमावास्या १३ला. प्रत्येक वेळी दुपारची दरी मध्यदिनांकापासून नव्हे तर अमावास्या-पौर्णिमेपासून मोजल्यावर एका रांगेत येते का ते तपासा. हा एकच आलेख बाकी सगळ्या वर्णपटांपेक्षा जास्त सांगतो.

तुलनेला ज्या हिवाळ्यात मोठी घटना झाली नाही तो हवाच. जानेवारी २०११ घ्या, सूर्यही तेव्हा बऱ्यापैकी शांत होता. कारण उत्तरेकडच्या हिवाळ्यात चंद्राचा परिणाम एरवीही जास्तच असतो. पेरूतल्या वानकायोच्या नोंदींत बार्टेल्स आणि जॉन्स्टन यांनी १९४०मध्येच चंद्राच्या मोठ्या परिणामाचे दिवस दाखवले होते, एसएसडब्ल्यूचा शोध लागण्याच्याही आधी. नेहमीचा हिवाळा वजा केल्याशिवाय जे उरतं त्याचं श्रेय एसएसडब्ल्यूला देता येत नाही.

अंबरमणी:

खूप खूप आभार. १७ अज्ञातांचं गणित आजच बसवतो. एक शंका. चॅपमनच्या पदांत एकच चंद्रटाइड धरली आहे. १२.६६ तासांचीही एक असते ना? ती वगळली तर चालेल का?

लघुतमवर्ग:

असते. पृथ्वी-चंद्र अंतर कमी-जास्त होतं त्यातून ती येते आणि एसएसडब्ल्यूमध्ये तीही वाढू शकते. १२.४२पासून ती वेगळी करायला २७.५५ दिवस लागतात, तुमच्या २१ दिवसांच्या खिडकीत ती १२.४२मध्येच मिसळलेली राहणार. ती बसवायचा हट्ट धरू नका, नाहीतर दहा दिवसांच्या खिडकीचाच घोळ पुन्हा होईल. प्रबंधात स्पष्ट लिहा की तुमच्या १२.४२च्या आयामात हा वाटा धरलेला आहे. खिडकी सरकवताना आयाम हळूहळू झुलताना दिसला आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना तो चढला, तर त्याचा उल्लेख करा.

रेंजगेट:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

कोल्हापूर आणि तिरुनेलवेली, दोन्ही रडार १.९८ मेगाहर्ट्झवर चालतात आणि डी-थरातल्या, म्हणजे आयनांबराच्या सर्वांत खालच्या थरातल्या, क्षीण परावर्तनांवरून वारा काढतात. पल्स ३० मायक्रोसेकंदांचा धरला तर उंचीतली खरी विभेदनक्षमता साडेचार किमी. फाइलमध्ये दर २ किमीला आकडा असतो, पण शेजारचे दोन आकडे स्वतंत्र नसतात. ८६, ८८ आणि ९० किमीवर सारखीच लाट दिसली तर तो तीन वेळा मिळालेला पुरावा नव्हे.

वरची मर्यादा दोन्हीकडे वेगळी. दिवसा ९५ किमीच्या वर रेडिओलहर मंदावते आणि रडार सांगतं ती उंची खऱ्या उंचीपेक्षा जास्त निघते. तिरुनेलवेलीत याच्या जोडीला इलेक्ट्रोजेट आहे. तिथे ९४ किमीच्या वर इलेक्ट्रॉन वाऱ्याबरोबर न वाहता विद्युतक्षेत्राने वाहतात आणि रडार त्यांचाच वेग मोजतं. तुमच्या विषयात हे अतिशय घातक आहे. तुम्ही म्हणाल वारा बदलला म्हणून इलेक्ट्रोजेट बदलला, आणि प्रत्यक्षात तो ‘वारा’ म्हणजे इलेक्ट्रोजेटच असेल! तिरुनेलवेलीचा ८४ ते ९२ किमी एवढाच पट्टा घ्या. कोल्हापूर इलेक्ट्रोजेटच्या पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे तिथे ९४पर्यंत जायला हरकत नाही.

खालच्या बाजूला अडचण रात्रीची. रात्री डी-थरातले इलेक्ट्रॉन इतके कमी होतात की ८० किमीच्या खाली नोंदच मिळत नाही. फक्त दिवसाच्या नोंदींवर १२ तासांची लाट बसवली की २४ तासांची लाट आणि सरासरी वारा तिच्यात शिरतात. दिवसाच्या २४पैकी किमान १६ तासांच्या नोंदी आणि सलग रिकामा भाग चार-पाच तासांपेक्षा मोठा नाही, अशी काहीतरी अट घाला आणि ती लिहून ठेवा. उल्का-रडारचे आकडे मिळाले तर त्यांचीही अशीच गत, फक्त वेळ वेगळी: पहाटे सहाच्या सुमारास उल्का सर्वाधिक, संध्याकाळी सहाला सर्वांत कमी. संध्याकाळच्या तासात पाच-सहापेक्षा कमी उल्का असतील तर तो तास सोडून द्या.

फिट करताना ४८ तासांचं पद टाकायला विसरू नका. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो आणि दोन दिवसांची लाट जोर धरते. तिचे पडसाद आपल्या अक्षांशांवर चांगलेच येतात. ती सोडली तर उरलेल्या चुकीत १२ तासांचा आयाम एक दिवसाआड वर-खाली होताना दिसेल आणि त्याला तुम्ही भलताच अर्थ लावाल.

कला उंचीनुसार मांडा. अनुनादाने वाढलेली चंद्रटाइड उभ्या दिशेत फार लांब तरंगलांबीची असते. ८४ ते ९४ किमीत तिची कला जेमतेम सरकते. उंचीगणिक कला भराभर बदलत असेल, म्हणजे तरंगलांबी ५० किमी किंवा त्याहून कमी निघत असेल, तर ती बहुधा दुसऱ्या प्रकारची सौर टाइड आहे. आणि एक: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारख्या असणाऱ्या या टाइडचा उत्तर-दक्षिण वारा विषुववृत्तावर शून्य होतो. त्यामुळे तिरुनेलवेलीत पूर्व-पश्चिम घटकावर भर द्या, उत्तर-दक्षिण घटक पाहायचाच असेल तर कोल्हापूरचा पाहा.

एक मर्यादा मात्र दोन्ही रडार मिळूनही जात नाही. कोल्हापूर ७४ अंशांवर, तिरुनेलवेली पावणेअठ्ठ्याहत्तर अंशांवर. रेखांशातला एवढासा फरक घेऊन टाइडला पृथ्वीभोवती एक शिखर आहे, दोन की तीन, ते सांगता येत नाही. उपग्रहाकडे वळलात तर टिमेड उपग्रहावरच्या सेबर या तापमान मोजणाऱ्या उपकरणाला सगळ्या स्थानिक वेळा गोळा करायला जवळपास ६० दिवस लागतात, तेवढ्यात एसएसडब्ल्यू येऊन गेलेली असते. हे वेगळं काढायचं तर दूरच्या रेखांशावरचं तिसरं स्थानक हवं. किमान हिकामार्काचा प्रसिद्ध झालेला आलेख शेजारी ठेवा, वेळ स्थानिक करून.

सांगलीचा_सर्व्हेवाला:

चर्चा वाचतोय, बरीच डोक्यावरून गेली, पण एक रोखठोक प्रश्न. जानेवारीत अशी घटना झाली तर आमच्या जीपीएस सर्व्हेवर परिणाम होतो का? दुपारी काम करू नये वगैरे काही?

ध्रुववारा:

होतो, पण कशावर होतो ते पाहा. सकाळी आयनांबर वर ढकललं गेलं की तिथला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्ररेषांवरून उत्तर-दक्षिणेला उतरतो आणि गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनांचा ढीग जमतो. एसएसडब्ल्यूत तो सकाळी वाढतो, दुपारी ओसरतो. जीपीएसच्या एल१ वारंवारतेवर १ टीईसी एकक (वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांचं माप) म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटर जास्तीचं अंतर. एक वारंवारता वापरणारा साधा रिसीव्हर, किंवा तयार आयनांबर नकाशे वापरून एकट्याने केलेली मोजणी, यांत दहा-वीस एककांचा फरक सरळ दीड-तीन मीटरचा होतो, कारण त्या मॉडेलांना आज एसएसडब्ल्यू आहे हे माहीतच नसतं.

दोन वारंवारतांचा रिसीव्हर यातला जवळजवळ सगळा भाग स्वतःच काढून टाकतो. आरटीकेत (दोन रिसीव्हरांची तिथल्या तिथे तुलना करून केलेल्या मोजणीत) स्थिर बेस आणि फिरता रोव्हर पाच-दहा किलोमीटरच्या आत असतील तर दोघांना तोच विलंब होतो आणि वजाबाकीत जातो. ३०-४० किमीची बेसलाइन, एकच वारंवारता आणि सकाळी नऊ ते बारा, हे तिन्ही एकत्र आलं तर मात्र फिक्स मिळायला वेळ लागेल आणि चुकीचा फिक्स मिळण्याची शक्यता वाढेल. अशा वेळी बेस जवळ आणा, किंवा तीच ठिकाणं दुपारी पुन्हा मोजून जुळतात का पाहा. सूर्यास्तानंतर सिग्नल तुटतो ते प्रकरण वेगळं, त्याचा मुख्य हंगाम मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर.

अंबरमणी:

रेंजगेट, तिरुनेलवेलीचा ९८ किमीचा आलेख मी मुख्य पुरावा म्हणून घेतला होता, तो काढतो. लघुतमवर्ग, चारही घटना अमावास्येपासून मोजून एकाखाली एक मांडतो, सोबत जानेवारी २०११. केपीवरून दिवस गाळल्यावर २१ दिवसांतले किती उरले की फिट टाकून द्यायचा?

लघुतमवर्ग:

दिवसांची संख्या एकटी पाहू नका, ते पसरलेले कसे आहेत ते पाहा. १५ दिवस उरले आणि ते खिडकीभर विखुरलेले असतील तर फिट ठीक असतो. १७ उरले पण दोन्ही टोकांचे गेले असतील तर खिडकी प्रत्यक्षात १७ दिवसांचीच झाली, तिथे १२ आणि १२.४२ जेमतेम सुटतात. प्रत्येक खिडकीसाठी दोन्ही आयामांची प्रमाण त्रुटी आणि त्यांच्यातला सहसंबंध काढा. सहसंबंध ०.५च्या वर गेला की ती खिडकी आलेखात रिकामी सोडा, मधून रेघ ओढून जोडू नका.